सहदेव लाभ म्हणेना

अकोला, पौष शुद्ध ५, शके १७८५

तीर्थस्वरूप दादांचे सेवेशी नारायणाचे कृ. सा. न. वि. वि. दिवाळीपासून पत्र नाही, क्षमा असावी. हंगामात जेवणाची शुद्ध नसते. आज मात्र रागाने झोपही नको झाली आहे.

मुंबईच्या पेढीचा दलाल चंद्रभान याने मला न विचारता आपल्या वखारीतल्या कापसावर पाणी मारवले. वजन फुगले की त्याची दलाली फुगते. सकाळी आपला मापारी सहदेव काट्याशी आला, गंजीत हात घातला आणि ओला हात धोतराला पुसला. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे, मगच पुढचे मोजायचे. सहदेव लाभ म्हणेचना. वाचा गेली का बे, असे चंद्रभानाने विचारले. सहदेव म्हणाला, शेटजी, हा कापूस मोर्णेत आंघोळ करून आला, थंडी वाजून राहिली त्याले, आधी वाळू द्या. माणसे हसली आणि चंद्रभानाने त्याच्या थोबाडीत मारली.

आता म्हणतो, याला काढा, नाहीतर पेढीचा व्यवहार दुसरीकडे नेतो. मी विचार करून सांगतो म्हणालो. विचार कसला करायचा होता, मलाच कळत नाही. आपले मत कळवावे.

अमरावती, पौष शुद्ध १०

चि. नारायणास अनेक आशीर्वाद. पुण्याला कॉलेजात घातले ते मापाऱ्यांची वकिली करायला नव्हे. कापसाला असा भाव पुन्हा येणार नाही. मापारी शंभर मिळतील, मुंबईची पेढी एक. त्याला काढ.

तुझी वहिनी म्हणते, वखारीला आग लागली तेव्हा गंजीवर सहदेव चढला होता, हे शंभर कुठे होते. तिचे म्हणणे मी फक्त कळवतो. लोभ आहेच, अक्कल असावी.

अकोला, पौष वद्य १

कृ. सा. न. वि. वि. आपली आज्ञा मोडली. चंद्रभानाला सर्वांदेखत वखारीबाहेर काढले. तो जुन्या शहरात दुसऱ्या वखारीत गेला. सहदेवाला मारल्याचे तिथे आधीच कळले होते. तिथला मापारी पुंजाराम काट्याशी उभा राहिला आणि तोही लाभ म्हणेना.

पण पेढीचा व्यवहार गेला आणि आपले काम बंद पडले. माणसांना म्हटले, दुसरीकडे जा, मी राग धरणार नाही. सहदेव माझ्यावरच उखडला. तुमी मले काढलं नाही, मंग मी तुमाले काहून सोडू, येडे झाले का मालक, म्हणाला. कोणीच गेले नाही.

कोरडा कापूस थेट शेतकऱ्यांकडून घ्यायला सहदेवाला घेऊन मोर्शीकडे निघतो आहे. वाटेत आपल्याकडे उतरू. शंभर मापारी मिळतात, हे आपण त्याच्या तोंडावर सांगावे. मी शेजारी उभा असेन. त्यानंतर लोभ उरला तर असावा.

उद्या गाडीच्या आखाला वंगण घालतो आणि निघतो.