गोगलगायींना उजेड आवडतो

५ मे
सुट्टीत संशोधन करायला समर ग्रँट मिळाली! अख्ख्या कॉलेजातून मला एकट्याला. (अर्जही एकच होता, पण तो मुद्दा वेगळा.) विषय: गोगलगायी उजेडाकडे जातात की अंधाराकडे? आईने बिल्डिंगभर सांगून टाकलं, आमचा शास्त्रज्ञ झाला म्हणून. झोप उडालीय. उत्साहाने असावी.

९ मे
कॉन्फरन्सला सारांश पाठवायची आज शेवटची तारीख. प्रयोग सुरू व्हायचाय. सीनिअर ताई म्हणाली, सगळे असंच करतात, लिही बिनधास्त. लिहिलं, 'गोगलगायी अंधारच पसंत करतात हे आम्ही सिद्ध केले.' आम्ही म्हणजे मी.

१४ मे
लॅबमध्ये जागा मिळाली ती बेसिनला चिकटून. जाळीची लांबट पेटी मांडली. दिवा बेसिनच्या टोकाला, कारण वायर तिथवरच पोचते. दुसरं टोक काळ्या कागदाने झाकलं. नळ गळतो. टपटप टपटप. अशाने एकाग्रता कशी व्हायची? ऑफिसात तक्रार केली.

१५ मे
सगळ्या गोगलगायी दिव्याकडे गेल्या. नवी जागा, बावरल्या असतील.

२ जून
अजून बावरलेल्याच आहेत. मी घाबरलोय असं मुळीच नाही, फक्त मोजणी तीनतीनदा करतो. माझ्या गाइड मॅडमना सांगायला गेलो आणि दारातूनच मागे फिरलो. उद्या नक्की. नळाची पुन्हा तक्रार. प्लंबर येईल म्हणे.

११ जून
मॅडमनीच बोलावून विचारलं. काय दिसतंय ते सांगितलं. म्हणाल्या, जे आलंय तेच लिही, पण सगळं नीट तपासलंयस ना? मी मान हलवली. जिन्यात डोक्यात लख्ख उजेड पडला. चूक माझी नाहीच, पाठ्यपुस्तकांची आहे! कॉन्फरन्सच्या पोस्टरचं नाव बदललं: 'गोगलगायींना उजेड आवडतो.' आता भीती कसली?

३ जुलै
कॉन्फरन्स. पोस्टर लावताना टाचण्या सांडल्या. कुणी जवळ आलं की मी बुटाची लेस बांधत होतो. पांढऱ्या केसांच्या एक प्रोफेसर बाई मात्र लेस बांधून होईपर्यंत थांबल्या. त्यांनी गोगलगायींवर आयुष्य काढलंय. एकच विचारलं, पेटी उलटी फिरवून पाहिलीस ना?
माझ्या तोंडून 'हो' निघून गेलं.
बाई खूश. म्हणाल्या, परवा दहाला तुमच्या लॅबमध्येच येते, मला दाखव. जेवण न करताच घरी आलो. तशी काळजी नाही. उद्या पेटी फिरवायची, गोगलगायी दिव्याकडे जातीलच. त्या माझ्या शब्दाबाहेर नाहीत.

४ जुलै
अंगात कणकण. फिरवणं उद्या.

५ जुलै, सकाळी
ताईकडून लांब वायर आणली. पेटी फिरवली. आता बेसिनकडे अंधार, पलीकडे दिवा. गोगलगायी निघाल्या त्या बेसिनकडेच. जाळीला हात लावला. ते टोक ओलं होतं. इतके दिवस नळाचे थेंब तिथे उडत होते. त्यांना उजेड नको होता, अंधारही नको होता. त्यांना ओल हवी होती.
स्टुलावर बसून रडलो. मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. म्हणाल्या, बाईंनाही हेच सांग, मी येतेय.

पावणेदहा
प्लंबर आला. दोन महिने पत्ता नव्हता, आज पाना घेऊन हजर. म्हणाला, पाच मिनिटांत बंद करतो. मी त्याचा हातच धरला. म्हटलं, काका, जरा थांबा. एका बाईंना हा नळ दाखवायचाय. माझ्या संशोधनात खरा तेवढाच आहे.