तन्वीच्या पोटातला जोड

प्रिय बाबा,

आज तन्वीची सोनोग्राफी पाहून डॉक्टर म्हणाल्या, "आता दाखवायला आणू नका. पोट दुखलं, उलट्या झाल्या, तरच या." हे ऐकायला तू नव्हतास, म्हणून लिहिते आहे.

तुझ्या नातीच्या आतड्यातली गाठ जन्मापासूनची होती, कॅन्सरची नव्हती. पण लहान आतडं मोठ्याला जुळतं, नेमकी तिथेच. तो जोड तिथल्या झडपेसकट कापून काढायचा, असं ठरलं होतं. मी सहीही केली होती.

आणि ऑपरेशनच्या सकाळी तू तिला दुधात बुडवून बिस्किटं भरवलीस! नर्स ओरडली, तर तिलाच म्हणालास, "जेवान कुठं दिला? बिस्कीट हाय ना ते!" तीन वर्षांचं लेकरू उपाशी आत पाठवायचं, हे तुला पटतच नव्हतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. मी दिवसभर तुझ्याशी बोलले नाही.

त्या रिकाम्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, "जोड वाचणारच नाही का?" त्या म्हणाल्या, "गाठ उघडून नुसतं आतलं अस्तर सोलता येईल कदाचित. पण त्यातलं काही राहिलं तर गाठ परत येऊ शकते. चालेल?" मी हो म्हटलं. जोड राहिला.

मग तू आपल्या गावात, सारसोळ्यात घरोघर सांगत सुटलास, "माज्या बिस्किटानी पोरीची आतडी वाचली!" नाही रे, बाबा! भूल दिल्यावर पोटातलं श्वासनलिकेत गेलं असतं तर? शेवट चांगला झाला म्हणून केलेलं बरोबर ठरतं का? हे मी तुला काकांसमोर, भर अंगणात सुनावलं. तेव्हा ते बोलायलाच हवं होतं का? अजून ठरत नाही.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. मधला दिवस मिळाला नसता, तर मी डॉक्टरांना विचारलं असतं? बहुतेक नाही. हे तुला सांगायचं राहून गेलं.

परवा तन्वीने पोटावरच्या व्रणावर बोट ठेवून विचारलं, "हे कुणी केलं?" मी डॉक्टरांचं नाव सांगून विषय संपवला. पुढच्या वेळी तिला सगळं सांगेन. आजोबांनी चूक केली होती, हे; आणि तिची भूक त्यांना बघवली नाही, हेही. मग तिला तुझ्याविषयी जे वाटेल ते वाटू दे. मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
वनिता