‘सगळं पुसा’ मेनूत राहिलं

रोहा, मंगळवार संध्याकाळ

नाय, माझ्यातल्या शहाणे, तू गप्प बस! बुकिंगच्या प्रोग्रामचा मेनू सोपा, मराठीत केलास, कबूल. पण त्यात ‘सगळं पुसा’ ठेवलंस कशाला? चाचणीच्या खोट्या नोंदी पुसायला. मग नंतर काढायचं कोणी?

पेणच्या कारखान्यातली यंदाची सगळी गणपती-बुकिंगं त्याच डेटाबेसमध्ये आहेत. दुसरी प्रत नाय. आणि मघाशी मालक, बाळाकाका, फोनवर हसत म्हणाले, "चहा घेतो नि मेनूतलं एकेक दाबून बघतो गो. नायतर हात कसा बसंल?" मीपण हसले! फोन ठेवल्यावर आठवलं. आता ते उचलत नायत. ‘सगळं पुसा’ वरून तिसरंच आहे. दाबलं की विचारतही नाय, सरळ पुसतं.

चहाला किती वेळ लागतो माणसाला?

पेणची एसटी लागलीय. तुला काय बोलायचं ते बोल, मी निघाले.