गोळ्या सोडून हादग्याची फुले

नागपूर, डिसेंबर १९७६

चि. सौ. प्रयागबाईस,
थोरल्या भावाचा आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. कॉलेजात उंदरांचे दाणापाणी पाहण्यातच दिवस जातो. माझी तब्येत ठीक आहे.

काल आपल्या गावचा रुपराव भेटला. म्हणाला, "प्रयागबाईनं साखरेच्या बिमारीच्या गोळ्या सोडल्या गा. तुमचं पत्र आल्यापासून हादग्याची फुलंच खाऊन राहिली." मी एवढेच लिहिले होते की आमच्या प्रोफेसरबाई त्या फुलांचा अर्क उंदरांना पाजून साखर उतरते का ते पाहतात.

आज बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "नानाजी, तुमची बहीण उंदीर आहे का? काही उंदरांची साखर उतरली, काहींची नाही. माणसाला द्यायला अजून वर्षं लागतील." आणि तू त्या फुलांच्या भाजीत गूळ घालतेस, ते मी बाईंना सांगितलेच नाही.

भाजी खा, पण बिनगुळाची, आणि गोळी आजपासूनच सुरू कर. साखरेमुळे भरत नव्हती ती पायाची जखम सुकली का? दाजींना रोज दाखवतेस का?

शनिवारपर्यंत तुझे पत्र आले नाही तर रविवारच्या गाडीने येईन आणि समोर बसून गोळी घ्यायला लावीन. बाईंकडून रजा मागून ठेवली आहे. तरी कोणाच्या हातून लिहवून का होईना, दोन ओळी लवकर पाठव.

तुझा भाऊ,
नानाजी