वाघोलीतली शेवाळाची टाकी

११ नोव्हेंबर
जमलं! टाकीतल्या जिवाणूंनी चार दिवसांत शेवाळ फोडलं. रत्नागिरीहून समुद्री शेवाळाची पोती आणायची, या वाघोलीच्या शेडमध्ये भिजत घालायची, जिवाणू सोडायचे आणि जो चिकट लगदा सुटेल त्याचा जखमेच्या पट्टीसाठी धागा काढायचा — तीन वर्षं लोक हसले. आज धागा उतरला. पांढरा, न तुटता! चेतन म्हणाला, "पूर्वा, हा रक्त थांबवणार बघ." धंद्यात पार्टनर झाल्यापासून त्याचं पहिलंच कौतुक.

१४ नोव्हेंबर
शेजारचा सुखदेव परत आला. "वास बंद करा, न्हाईतर मी करतो." म्हटलं, घट्ट झाकणं मागवली आहेत, आठवडाभर थांबा. "बायकांशी मी बोलत न्हाई" — आणि चेतनच्या कानाखाली वाजवली!

१७ नोव्हेंबर
 जसं घडलं तसं लिहिते.
दुपारी सुखदेव पहार घेऊन आला. एकटाच. दुसऱ्या घावाला टाकी फुटली. सगळं काम फरशीवर — तपकिरी, बुळबुळीत. चेतन आडवा गेला. पहार त्याच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग सुखदेवने पहार टाकली, वळला, चालू लागला.
मी ती उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली.
नंतर भानावर आले. अकरा तारखेचाच धागा मुठी भरभरून जखमेत दाबत बसले. रक्त थांबलं. खरंच थांबलं! तो मात्र उठला नाही.

१८ नोव्हेंबर
सुखदेव जिवंत आहे, अजून बेशुद्ध. चेतनच्या खांद्यात प्लेट घातली.
पोलिसांना सांगितलं, तो माझ्या अंगावर धावला. खोटं. त्याची पाठ होती माझ्याकडे. आणि पहार लागली तेव्हा मला बरं वाटलं. हे कुणाला सांगू?

२४ नोव्हेंबर
चौकीतून फोन. "मॅडम, नशीब काढलंत. त्याच्या बायकोनेच जबाब दिलाय, तो धावला म्हणून." ती तिथे होती? मग असं का सांगितलं? 

२ डिसेंबर
सुखदेवची बायको शेडवर आली. द्वारका नाव. मी माफी मागायला गेले, तिने हात धरला. "कुंपणापाशी व्हते मी. समदं बघितलं." सुखदेव शुद्धीवर आलाय, उजवा हात लुळा पडलाय. "सतरा वर्सं ह्याच हाताचा मार खाल्ला, मॅडम. ह्ये पंधरा दिस तेवढा मार न्हाई."
मग रडायला लागली. डॉक्टर म्हणालेत, व्यायाम केला तर हात पुन्हा चालेल.