एकेचाळीस नंबर

बाबा, तुम्हाला लिहायचं म्हणून आजवर तीनदा वही विकत घेतली. एक रायपूरच्या ढाब्यावर विसरली, दुसरीत सायकलची चित्रं काढत बसलो, तिसरीचं काय झालं ते आठवतही नाही. खरं सांगायचं तर टाळत होतो. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. एक खोटं बोललो होतो तुमच्याशी, तेवढं कबूल करायचं होतं. पोरासोरांचं खोटं ते, त्यात काय, असं म्हणत पुढं ढकलत गेलो. पण काल संध्याकाळी कळलं की ते तेवढं लहान नव्हतं. म्हणून आता लाखांदूरला, जिथं आम्हा सायकलवाल्यांची उतरायची सोय केली आहे त्या शाळेच्या व्हरांड्यात, शर्यतीच्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसलो आहे.

सीझन आत्ताच उघडला. रस्त्यावर वाळत घातलेला धान लोकांनी उचलला की मगच आपल्याकडे शर्यती लागतात, हे बाहेरून आलेल्या पोरांना दरवर्षी समजावून सांगावं लागतं. पाय अजून जड आहेत, दम लवकर लागतो. शनिवारी एकेकट्यानं घड्याळाशी, रविवारी सगळ्यांनी मिळून साठ किलोमीटर. मी सतरा वर्षांचा असताना हीच शर्यत चाळीसची होती, आणि त्या रविवारी तुमची ड्युटी होती. त्या वेळची सायकल तुम्हीच आणली होती, जवाहरनगरच्या क्वार्टरमधले एक साहेब बदली होऊन चालले होते त्यांच्याकडून. हँडलला तुम्ही काळी टेप गुंडाळत होता, आणि मी शेजारी बसून तुम्हाला मदत करायची सोडून खारीकडे बघत होतो. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुहं ध्यान कायम बाजूलेच. निघाला तर पोच पह्यले, मंग पाह्य काय पाहाचं ते."

शर्यतीत मी बाजूलाच पाहिलं. अर्धं अंतर झालं होतं, घोळक्यात बरा टिकून होतो. रस्त्याच्या कडेला तलाव लागला. पाणी पार उतरलेलं, दहा-बारा माणसं गुडघाभर चिखलात जाळं ओढत होती, बाया काठावर टोपल्या घेऊन ओरडत होत्या. दोन मिनिटं बघू म्हणून उतरलो. एका मावशीनं विचारलं, कोणाचा रे तू, छातीवर आकडा कायले लावला? मग तिनं भाजलेली मासोळी हातावर ठेवली. खाऊन होईपर्यंत घोळका कुठल्या कुठं गेला होता. तेवढ्यात भंडाऱ्याकडे जाणारा ओळखीचा मेटॅडोर आला, त्यात सायकल टाकली आणि घरी निघून आलो. तुम्हाला फोन करावा असं वाटलं होतं, बाबा. पण दारूगोळ्याचा कारखाना, गेटवर फोन जमा करावा लागतो, सुटी होईपर्यंत तुमचा फोन तिथंच पडून असायचा. आपल्या घरात ड्युटीच्या वेळी तुम्हाला कोणी फोन करतच नसे. मीही नाही केला.

तुम्ही आलात तेव्हा आमचं जेवण होत आलं होतं. आईनं विचारलं, तर ओव्हरटाइम होता म्हणालात. हातपाय धुतले, माझ्या शेजारी बसलात.

"कितवा आला?"

"बारावा."

तुम्ही भाताला वरण कालवत होता. हात थोडा थांबला असेल, मला आता तसं वाटतं, तेव्हा काही दिसलं नाही. "बरं आहे," म्हणालात, "चेन पुसून ठेव, माती लागली असन." त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. छातीत कळ आली, गाडी येईपर्यंतही थांबला नाहीत. आम्ही क्वार्टर सोडून कारध्याला मामाकडे आलो. आईनं तुमची कपड्यांची पेटी जवळ ठेवली. सायकलकडे मात्र तिनं पुन्हा कधी पाहिलं नाही. आणि मी जो निघालो तो एका जागी टिकलोच नाही.

काल घड्याळाची शर्यत झाल्यावर शेवटच्या रेषेपाशी बसलो होतो. रस्त्यावर चुन्याची फक्की टाकून ती रेष आखणारे एक म्हातारे काका आहेत, वर्षानुवर्षं तेच आखतात. कुठला तू, असं त्यांनी विचारलं. जवाहरनगरात वाढलो म्हटल्यावर त्यांना काहीतरी आठवलं. म्हणाले, तिकडचा एक माणूस आला होता एकदा, ड्युटीच्या कपड्यात, हातात डबा. पोराला न सांगता रजा टाकून आलेला, पोरगा बुजेल म्हणून. सगळी पोरं आली, बक्षिसं वाटून झाली, मंडपवाला बांबू उपटायला लागला, तरी हा माणूस रस्त्याकडे बघत उभाच. डब्यातली वांग्याची भाजी-पोळी अर्धी मला दिली, अर्धी तशीच ठेवली त्यानं. मी झाडू घेऊन रेष पुसायला गेलो तर आडवा आला.

"म्हणे, राहू दे भाऊ रेष, एक पोरगा यायचा आहे मांगं. एकेचाळीस नंबर. शेवटची एसटी लागली तवा गेला बिचारा. आला का नाही तो पोरगा, कोणाले मालूम."

मीही म्हटलं, कोणाले मालूम.

बाबा, म्हणजे तुम्हाला माहीत होतं. जेवताना विचारलंत तेव्हाच माहीत होतं. मला बोलायची एक संधी दिलीत आणि मी ती बारावा म्हणून वाया घालवली. त्यानंतर इतके महिने तुम्ही माझ्यासोबत जेवलात, माझ्या चाकात हवा भरून दिलीत, आणि एकदाही बोलून दाखवलं नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. राग आला होता, की नुसतं वाईट वाटलं होतं, हे आता कोणाला विचारू?

आज पंचविसाव्या किलोमीटरला पाय संपले. पोरं पुढं निघून गेली, मागून येणाऱ्या गाडीतला माणूस सायकल वर टाक म्हणाला. नाही म्हटलं. पुलावर उलटी झाली, चढावर उतरून चाललो, परत बसलो. पोचलो तेव्हा टेबलखुर्च्या उचलून झाल्या होत्या. रेष अर्धी चाकांनी खाल्लेली, अर्धी होती. मी शेवटचा आलो, बाबा, बेचाळिसातला बेचाळिसावा. काका तिथंच होते. सायकलवरून न उतरताच त्यांना सांगितलं की तो एकेचाळीस नंबर मी होतो.

त्यांनी हातातला झाडू बाजूला ठेवला. मग म्हणाले, "लय उशीर केला रे बाप्पा." आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

हे पत्र कुठं टाकणार. घडी घालून खिशात ठेवीन, एखाद्या धुण्यात विरून जाईल. आणि एक राहिलं. तुम्हाला लिहायला बसलो ते खरं म्हणजे आईला सांगायची हिंमत नाही म्हणून. तिला अजून वाटतं त्या दिवशी तुम्ही ओव्हरटाइमला होतात. काल या शाळेतूनच तिला फोन केला, तर मला नीट बोलता आलं नाही, काय झालं म्हणून विचारत राहिली, मी फोन ठेवून दिला.

थांबा. शाळेच्या फाटकातून कोणीतरी आत येऊन राहिलं आहे, हातात पिशवी, चप्पल धुळीनं भरलेली. आई आहे. कारध्याहून एकटीच आली आहे.