वारा फिरल्याची वेळ

६ एप्रिल

आणि वारा मोजायच्या नव्या यंत्रावर माझा काही राग नाही. असायला ते काय माझा व्याही आहे? वनखात्यानं खिंडीत बसवलंय, बसू दे. पण खिंडीत वारा एकाच बाजूनं येतो — दुसरीकडून यायला वाटच नाही! वारा बघायचा तर इथं, डोंगराच्या धारेवरच्या चौकीत. एकोणीस वर्षं बघतोय. शाळा चौथीपर्यंत. धूर कुठं कलतो ते बघायला पाचवी लागत नाही.

७ एप्रिल

घळीपलीकडच्या डोंगराला वणवा लागला. हवा ठणठणीत कोरडी. सकाळी दवाचा थेंब नाही.

८ एप्रिल

जावई टोळी घेऊन आला. तो मुकादम, हाताखाली अकरा माणसं. घळीच्या अलीकडे, आमच्या उतारावर, जाळरेषा काढणार. गवत-झुडूप कापून उघड्या मातीचा पट्टा — आग तिथवर यावी आणि उपाशी मरावी.

चहा घेताना म्हणाला, "मामा, तुमचा वारा काय म्हणतोय?"

"वारा काय माझ्या घरचा आहे, जावईबापू? सध्या आपल्याकडून आगीकडे जातोय. फिरला तर हत्यारं टाका आणि वर कातळावर पळा. आग चढणीवर माणसाला ऐकत नाही. कातळ पाव तासावर आहे तुम्हाला."

"पळतो की. तुम्ही फक्त वेळेवर ओरडा. घरी ओरडता तसं!"

हसला. पोरीनं त्याच्याबरोबर लोकरीचे मोजे पाठवलेत. या उन्हात! डोकं आहे का तिला?

९ एप्रिल

वायरलेसवर दर दहा मिनिटांनी वारा सांगत होतो. खालच्या ऑफिसातून मॅडम तडकल्या — "काका, यंत्र सांगतंय आम्हाला. तुम्ही नऊ, बारा, तीन, एवढंच बोला. मधेमधे लाईन अडवू नका." सगळ्या टोळीनं ऐकलं. कोणीतरी फिदीफिदी हसलं पण.

बरं. तीनदा तर तीनदा. मला काय हौस आहे?

१० एप्रिल

नऊ — वारा आगीकडे, हलका. सांगितलं.

बारा — तसाच. ऊन फार. सांगितलं.

दोन वीस — वारा फिरला. आगीनं घळ ओलांडली. ओरडलो.

अकरा जण कातळावर पोचले.

११ एप्रिल

जावई सापडला. कातळापासून तीसेक पावलांवर. सगळ्यांना पुढे घालून स्वतः मागे राहिला होता म्हणतात.

१३ एप्रिल

पोरीकडे जाऊन आलो. घर माणसांनी भरलेलं. जो तो सल्ले देतोय, जो तो पाणी आणतोय. मला नाही असलं जमत. पोरगी रडत नव्हती. एकच विचारलं तिनं — "बाबा, दिसल्या दिसल्या सांगितलंत ना?"

"हो," म्हटलं.

१५ एप्रिल

मॅडम वर चौकीत आल्या. चालत. धाप लागलेली. यंत्रानं शेवटपर्यंत वारा फिरल्याचं दाखवलंच नाही म्हणे. "काका, मी तीनला बोला म्हटलं होतं. तुम्ही थांबला नाहीत म्हणून अकरा घरी गेले." डोळे पुसत होत्या. चौकीतलं वाऱ्याच्या नोंदींचं रजिस्टर मागितलं. दोन वीसच्या ओळीवर सही केली आणि गेल्या.

१६ एप्रिल

वारा दोनला फिरला. धूर आधी काठीसारखा सरळ उभा राहिला, मग आमच्याकडे कलला. बघितलं मी. वायरलेस हाताशी होतं. म्हटलं, तीनला बोला म्हणाल्यात ना? सांगू दे आता यंत्राला! चहा टाकला. बसून प्यायलो.

रजिस्टरात दोन वीस आहे. तेच राहील. मॅडमला नाही, पोरीला नाही, आणि या वहीलाही यापुढे मी काही सांगणार नाही.